स्पेक्ट्रिन-खंड: पेशीच्या सांगाड्यातील कड्या

• रचना: सुमारे १०६ अमिनो आम्लांचा तुकडा, तीन सर्पिले एकमेकांना बिलगून त्याची जुडी होते. असे खंड ओळीने जोडले की लवचीक दांडा तयार होतो. अल्फा-ॲक्टिनिनमध्ये ४ खंड, डिस्ट्रोफिनमध्ये २४.

• स्पेक्ट्रिन: लाल रक्तपेशीच्या पटलाखालची जाळी. वर्णन १९६८. दोष असल्यास पेशी गोलाकार होऊन प्लीहेत लवकर नष्ट होतात (आनुवंशिक स्फेरोसायटोसिस).

• डिस्ट्रोफिन: ओळख १९८७. स्नायुपेशीतील ॲक्टिन पटलाशी जोडते. ते जवळपास नसेलच तर डुशेन स्नायुक्षय, बहुतांशी मुलग्यांत. मधले काही खंड गळाले, पण दोन्ही टोके शाबूत राहिली, तर बहुधा सौम्य बेकर प्रकार. जनुकोपचारातील आखूड ‘मायक्रो-डिस्ट्रोफिन’ याच निरीक्षणावर उभे आहे.