फाशांची लढाई आणि रात्रपाळीचा गडी

माझा भाचा इंग्लंडात नॉटिंगहॅमला राहतो. गोदामात रात्रपाळी करतो. त्याची बायको दिवसा वृद्धाश्रमात कामाला जाते. एक जण घरात शिरतो तेव्हा दुसरा बाहेर पडतो, दोघांची गाठ दारात. पोरगी दोन वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात मी दीड महिना त्यांच्याकडे राहून आले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की कामावरची माणसं सोडली तर हा पोरगा कुणाशी बोलतच नाही.

एका शनिवारी म्हणाला, "मावशी, आज माझी टूर्नामेंट आहे. येतेस?" मला वाटलं कॅरम असेल.

कॅरम नव्हतं. मोठ्या हॉलमध्ये पाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद अशी टेबलं मांडलेली. त्यांवर पुठ्ठ्याच्या-प्लास्टिकच्या पडक्या इमारती, आणि त्यांच्या आडोशाला सव्वा-दीड इंचाचे रंगवलेले शिपाई. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत पोरं मातीचा किल्ला करून मावळे मांडतात ना, अगदी तसंच. फरक एवढाच, की इथे मांडणारे चाळिशी-पन्नाशीचे बापे होते आणि खेळाला जाडजूड नियमपुस्तक होतं. शिपाई किती इंच चालणार ते टेपने मोजायचं. गोळी लागली की नाही ते फासे ठरवणार. दोघांचं सैन्य सारखंच, दोन-दोन हजार गुणांचं. खेळाचं नाव वॉरहॅमर. तो 1983 मध्ये निघाला, आणि तो काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे.

लढाईचा खेळ म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. भाच्याने मग इतिहास सांगितला. 1824 च्या सुमारास प्रशियाच्या लष्कराने अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरची लढाई घेतली, ती खऱ्या युद्धाच्या तयारीसाठी. पण एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांचे नियम लिहिले आणि सोबत बजावलं, की खऱ्या युद्धापेक्षा ही लुटुपुटूची लढाई कितीतरी बरी, इथे कुणाचं घर उजाड होत नाही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

असो. माझं लक्ष खेळापेक्षा खेळणाऱ्यांच्या अंगाकडे होतं. दिवसभरात तीन डाव, एकेक अडीच-पावणेतीन तासांचा. टेबलावरचा खेळ म्हणजे बसून खेळत असतील असं वाटतं, पण ही माणसं उभीच. टणक फरशीवर सात-आठ तास, आणि टेबलाच्या मधला शिपाई हलवायला कमरेतून पार ओणवं व्हायचं. दुपारपर्यंत निम्म्या लोकांचे हात कमरेवर गेले होते. माझ्या शेजारी एक जुना खेळाडू बसला होता, निवृत्त बसचालक. त्याची रीत मला आवडली. हात लांबवायच्या ऐवजी तो टेबलाला वळसा घालून पलीकडे जाई, समोरच्याची पाळी आली की खुर्चीवर टेके, पायात मऊ तळाचे बूट. रात्रभर कॅरमवर वाकणाऱ्या आपल्या पोरांनीही हे करून बघावं. तेवढ्याने कंबर पुष्कळ वाचते.

भाचा मात्र पाळी संपवून, जेमतेम दोन तास झोपून आलेला. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी गोड थंड पेय, एवढंच पोटात. तिसऱ्या डावात अर्ध्या इंचावरून त्याचा आवाज चढला. झोप अपुरी, पोट रिकामं, मग साध्या गोष्टीवरूनही डोकं फिरतं. त्यात खेळाचा काय दोष? समोर तोच बसचालक होता. त्याने टेप खाली ठेवली, पिशवीतून केळं काढून पुढे केलं आणि म्हणाला, आधी खा, मग मोजू. भाचा ओशाळला. केळं खाल्लं, पाणी प्याला, पुन्हा मोजलं. चूक याचीच होती.

अशा मैत्रीच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याइतकाच मान, ज्याच्याशी खेळायला सर्वांत मजा आली त्या खेळाडूला असतो. प्रत्येक जण आपल्या प्रतिस्पर्ध्याला मत देतो. भाच्याचं मत कुणाला गेलं, ते सांगायला नको. तिन्ही डाव हरूनही घरी येताना तो बसमध्ये सारखा बोलत होता. दीड महिन्यात त्याला इतकं बोलताना मी तेव्हाच पाहिलं. ब्रिटन सरकारने 2018 मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी खास मंत्री नेमला होता. मला त्याचं हसू आलं होतं, आता येत नाही.

पण घरी आल्यावर माझं आमच्या लेकराशी भांडण झालंच. हे शिपाई तो स्वयंपाकाच्या टेबलावर रंगवतो आणि ब्रशचं टोक ओठांनी नीट करतो! शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना असंच शिकवलं होतं. त्या रंगात रेडियम होतं. कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं, 1928 मध्ये भरपाई मिळाली. आजच्या रंगांत रेडियम नाही, बहुतेक रंग पाण्यात कालवायचे असतात. तरी काहींत कॅडमियमसारखे धातू असू शकतात. ब्रश ओल्या फडक्यावर फिरवला तरी टोक येतं. फवाऱ्याचा रंग मारायचा तो घराबाहेर, नाकातोंडावर मास्क लावून. बारीक काम करताना दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब बघायचं, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो.

खरी धास्ती वेगळीच होती. बसचालकाने निघताना त्याला आपल्या तरुणपणीचा एक धातूचा शिपाई भेट दिला होता. त्या काळच्या अशा शिपायांत शिसं असायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं, आणि अमुक इतकं चालेल असं त्याचं सुरक्षित प्रमाण नाही. आमची पोर दिसेल ते तोंडात घालते. मी सरळ म्हटलं, परत कर. तो म्हणाला, "मावशी, या देशात मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी दिलंय गं."

शेवटी शिपाई झाकणाच्या काचेच्या बरणीत गेला, बरणी कपाटाच्या माथ्यावर. दोघांनी साबणाने हात धुतले, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, फडकं फेकून दिलं. रंगांचा डबाही स्वयंपाकघरातून हलला. पुढच्या स्पर्धेच्या आदल्या रात्रीची सुट्टी त्याने तेव्हाच मागून ठेवली, आणि डब्यात काय न्यायचं ते मला विचारलं. मी म्हटलं, पोळी-भाजी ने, आणि दोन केळी जास्तीची.