पावसाळी शिबिरातील शेकोटी : ताडपत्रीखाली घ्यावयाची दक्षता

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात माल्टा बेटावरील एक प्रसंग आहे. जहाज फुटल्यामुळे संत पौलासह २७६ जण किनाऱ्याला लागले. पाऊस पडत होता, थंडी होती. तेथील रहिवाशांनी शेकोटी पेटवून त्या अनोळखी माणसांना जवळ केले. पावसातली शेकोटी ही अशी आतिथ्याची खूण आहे. आपल्या नवी मुंबईतील धर्मग्रामांचे युवक-युवती पावसाळ्यात पनवेल-कर्जतच्या बाजूला शिबिरासाठी जातात, तेव्हा त्यांनाही प्रार्थना व गायनासाठी शेकोटी हवीशी वाटते. सर आली की वर ताडपत्री बांधली जाते. धोका तेथेच सुरू होतो.

पहिला धोका वायूचा. ओले लाकूड नीट जळत नाही. त्यातून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी बळकट असतो. पावसाचे तुषार अडवण्यासाठी ताडपत्रीच्या कडा खाली सोडल्या, की हा वायू आत कोंडतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे होत. तो प्रवासाचा शीण समजू नये. अशा व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निखाऱ्यांतूनही हा वायू निघत राहतो. म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवून कधीही झोपू नये.

दुसरा धोका छताचा. बाजारातील निळी-पिवळी ताडपत्री बहुधा पॉलिथिनची असते. सुमारे ११० ते १३० अंश सेल्सिअसला ती वितळते आणि पेटल्यास तिचे जळते थेंब खाली बसलेल्यांच्या अंगावर पडतात.

यावर उपाय साधा आहे. माणसांनी ताडपत्रीखाली बसावे आणि शेकोटी तिच्या कडेबाहेर, धूर माणसांपासून दूर जाईल अशा बाजूला असावी. सर जोराची आली तर शेकोटी विझू द्यावी. तिच्यासाठी छत खाली ओढू नये. छताखाली पेटवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर छत निदान तीन मीटर उंच व उतरते असावे, चारही बाजू मोकळ्या असाव्यात आणि जाळ गुडघ्याहून उंच जाऊ देऊ नये. रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. ओढ्यातील ओले दगड चुलीला लावू नयेत. तापल्यावर ते फुटून उडतात. पाण्याची बादली व वाळू हाताशी असावी.

सरपणाविषयीही माल्टाचाच प्रसंग शिकवतो. पौलाने गोळा केलेल्या काटक्यांतून उष्णतेमुळे साप बाहेर आला आणि त्याच्या हाताला झोंबला. पौलाला इजा झाली नाही; आपण मात्र देवाची परीक्षा पाहू नये. आपल्याकडे घोणस व फुरसे हे विषारी साप आढळतात. मोळी आधी काठीने हलवावी आणि अंधारात सरपण गोळा करू नये.

जागेचे भानही हवे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात, त्याला धोका पोहोचेल अशी आग पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. इतर वनक्षेत्रातही वनखात्याची परवानगी घ्यावी.

पालक आपली मुले विश्वासाने आपल्या हाती सोपवतात. म्हणून प्रत्येक शिबिरात एका प्रौढ व्यक्तीने शेकोटीची जबाबदारी घ्यावी आणि शेवटचा निखारा पाणी ओतून विझवल्यावर, राखेला हात लावता येतो याची खात्री करूनच झोपी जावे.