कॅलरी मोजाव्यात, पण किती दिवस?

बाळकुमकडून खाडीचा पूल ओलांडला की कशेळी येते. तिथून पुढे काल्हेर, पूर्णा असं भिवंडीकडे जाताना गोदामांमागून गोदामं लागतात. दिवसभर खोकी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्याला इथे ‘जरा व्यायाम करा’ म्हटलं तर तो हसेल. तरी अशा कष्टाच्या माणसाचंही पोट सुटतंच. एवढा घाम गाळूनही पोट सुटत असेल, तर ताटातल्या कॅलरी मोजून काही हाती लागेल का?

लागेल, पण हिशेब कुठे फसतो ते माहीत हवं. समजा, तिशीतला ७० किलोचा एक जण आहे. तो नुसता पडून राहिला तरी दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी खर्च होतात. तासभर झपझप चालला तर सुमारे २३० जातील. मात्र त्यातल्या सत्तरेक बसल्या जागीही गेल्याच असत्या, म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १६०. आपण मनात २३० धरतो आणि वडापाव खाऊन मोकळे होतो. गोदामातलं काम तर आणखी फसवं. माल उचलताना खर्च भरपूर होतो, पण गाडी लागेपर्यंत बसून काढलेला वेळ कुणी त्यातून वजा करत नाही.

खाण्याचीही तीच गत. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या काही स्थूल लोकांना तपासलं. त्यांनी आपलं खाणं जवळजवळ निम्म्यानं कमी आणि हालचाल निम्म्यानं जास्त सांगितली होती. ते खोटं बोलत होते असं नाही. अंदाज असाच चुकतो.

आपल्याकडे तो सगळ्यात जास्त चुकतो तेलात. पोहे खाण्याच्या मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात, सुमारे १२० कॅलरी असतात. भाजीवर आलेली तर्री कोण मोजणार? म्हणून सरळ पिशवी मोजा. एक लिटरची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख टाका. चौघांच्या घरात ती आठ दिवसांत संपली, तर माणशी रोज अडीचशे कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. लहान मुलं कमी खातात, तेव्हा मोठ्यांच्या वाट्याला याहून जास्तच.

दुसरी चूक भाताची. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, पण शिजल्यावर त्याचा पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम भात होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे आहेत. तिथला आकडा शिजलेल्या भाताला लावलात, तर हिशेब जवळपास तिप्पट फुगेल. तांदूळ आणि भाकरीचं पीठ कच्चंच तोला.

आता कृती. दोन आठवडे नेहमीचंच खा, फक्त तोलून लिहा. रोज सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा. एकेका दिवसाच्या आकड्याला भुलू नका. रात्री सुक्या बोंबलाचं कालवण झालं की मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर जातो. ती चरबी नव्हे. दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्या असल्या, तर वहीतला आकडा हाच तुमचा रोजचा खर्च. तो शंभर-दोनशेनं चुकला असेल, हरकत नाही. पुढेही तशीच चूक करत राहिलात तर ती आपोआप वजा होते. आता त्यातून तीनशे कमी करा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी, म्हणजे महिन्याला किलोभर उतरावं. पुढे हा वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो.

एवढ्यानं वजन कळलं, चरबी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या माणसांची चरबी काट्यापासून अशी लपते. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

त्या कॅलरी कशाच्या आहेत, हेही बघावं लागतं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांचे दोन गट करून त्यांना चार आठवडे गरजेपेक्षा बरंच कमी खायला देऊन कसून व्यायाम करवला. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच, पण एकाला प्रथिनं दुप्पट. त्या गटाची चरबी ४.८ किलो उतरली, दुसऱ्याची ३.५. शिवाय पहिल्या गटाचं चरबी सोडून बाकीचं वजन किलोभरानं वाढलं. जिमच्या पावडरीचा डबा परवडत नसेल तर सुका जवळा, डाळ, अंडी आहेत. सुक्या मासळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात. फक्त जवळा आधी धुऊन मीठ काढा.

वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर बायका यांनी या फंदात पडू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळी चुकू लागलेल्या खेळाडू मुलीला कमी नव्हे, जास्त खायची गरज असू शकते.

बाकीच्यांनीही जन्मभर वही भरत बसू नये. महिना-दीड महिन्यात हाताला माप बसलं की तोलकाटा फळीवर ठेवून द्या. तेलाच्या पिशवीवर तारीख टाकणं मात्र चालू ठेवा.