रुईचा चीक आणि पेशीपटलातील सहायक प्रथिने

मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, कपाशीच्या काळ्या रानांतील बांधांवर आणि पडीक जमिनीत जी रुई कोणी न लावता उगवते, जिला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडते, त्या रुईच्या चिकात जीवरसायनशास्त्रातील एक अत्यंत मनोज्ञ प्रकरण साठविलेले आहे.

प्राण्यांच्या बहुतेक सर्व पेशींच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे एक वाहक प्रथिन अहोरात्र राबत असते. एटीपीचा एक रेणू खर्ची घालून ते सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आत घेते, आणि याच व्यवहारावर मज्जातंतूंचे संदेशवहन व हृदयाचे स्पंदन अवलंबून असते. येन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने 1957 साली खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंत त्याचा छडा लावला आणि 1997 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. रुईतील कॅलोट्रोपिन, कण्हेरीतील ओलिअँड्रिन आणि हृदयविकारावर अल्प मात्रेत दिले जाणारे डिगॉक्सिन ही सारी एकाच कुळातील द्रव्ये. ती पंपाला बाहेरच्या अंगाने चिकटतात आणि त्याचे काम बंद पाडतात.

असे असूनही नारिंगी पंखांच्या प्लेन टायगर फुलपाखराची अळी रुईच्या पानांवरच पोसली जाते. अमेरिकेतील मोनार्क हे तिचे जवळचे भावंड. त्याच्या पंपाच्या साखळीत 122 व्या स्थानी अॅस्परजिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलेले आहे, आणि त्यामुळे विषाची पकड सैल पडते. फळमाशीच्या पंपात असे तीन बदल घडवून तिलाही विषरोधक करता येते, हे 2019 साली प्रयोगाने सिद्ध झाले. येथे कथा संपली असे वाटावे, परंतु माझ्या मते तिचा अधिक विचारणीय भाग येथूनच पुढे सुरू होतो.

कारण हा पंप एकटा नसतो. प्रत्यक्ष आयन वाहणारा आल्फा घटक सुमारे हजार अमिनो आम्लांचा. त्याच्या शेजारी पटल केवळ एकदाच ओलांडणारा, सुमारे तीनशे अमिनो आम्लांचा, शर्करेच्या साखळ्या ल्यालेला बीटा घटक असतो. सनदेवाचून अंमलदाराला परगण्यात रुजू होता येत नसे, तद्वत् बीटाच्या सोबतीवाचून आल्फाची घडी नीट बसत नाही आणि जेथे तो घडला त्या अंतर्द्रव्य जालिकेतून त्याची सुटकाही होत नाही. परंतु पंप पटलात पोहोचल्यावरही बीटाचा प्रभाव ओसरत नाही. पोटॅशियम आणि हे विष यांचे वैर जुने: पंपावर पोटॅशियम आरूढ झाले की विषाची पकड ढिली होते. बीटाचे काही प्रकार पंपाची पोटॅशियमविषयीची ओढ कमी करतात. परिणामी आल्फा तोच असूनही, केवळ सोबती बदलल्यामुळे, तो विषाला अधिक वश होतो. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत स्टीव्हन कार्लिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पंपातील हाच भेद हेरून, डोळ्यातील वाढलेला दाब उतरविण्यासाठी, विशिष्ट जोडीवरच नेम धरणारी डिगॉक्सिनची रूपे रचली.

सस्तन प्राण्यांत आणखी एक, आकाराने अगदी लहान, असा तिसरा घटक आढळतो. त्याच्या कुळात सात प्रथिने असून त्यांपैकी हृदयात वसणारे फॉस्फोलेमन पंपाला आवरून धरते आणि अॅड्रेनालिनचा संदेश येताच तो लगाम सैल सोडते. कीटकांतील चित्रही असेच गुंतागुंतीचे आहे. रुईच्या कुळातील वनस्पतींच्या बियांवर जगणाऱ्या एका अमेरिकन ढेकण्यात आल्फाच्या अनेक प्रती आहेत. ज्या विषाला अधिक दाद देत नाहीत त्या कामाला मंद, आणि ज्या चपळ त्या विषापुढे दुबळ्या. हॅम्बुर्ग येथील सुझान डोब्लर यांच्या संशोधनगटाला या कीटकाच्या मज्जासंस्थेत आल्फाचे व बीटाचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या जागी वसलेले आढळले. याच कुळातील तांबडा-काळा ढेकण्या आपल्या रुईवरही दिसतो. कपाशीच्या बोंडांवरचा तांबडा ढेकण्या मात्र वेगळा. पाठ्यपुस्तकांतून हा पंप अद्यापि एकाकी चौकोन म्हणून रेखाटला जातो, हे मला उणे वाटते. औषध कोणावर किती चालेल हा प्रश्न त्या चौकोनाच्या शेजाऱ्यांना विचारल्यावाचून सुटणारा नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या आतील थरात हेच पंप सतत पाणी उपसून ते पटल स्वच्छ राखतात. रुईचा चीक डोळ्यात गेला, तर हा थर दुखावतो, पटल सुजते आणि दृष्टी धूसर होते. आणि पुष्कळदा वेदना मात्र होत नाही. म्हणून माळेसाठी पाने तोडताना किंवा बांध साफ करताना चीक डोळ्यात उडाल्यास, दुखत नाही म्हणून थांबू नये. डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.