शिक्षा कशाची: धडकेची की दुर्दैवाची?

उरणमध्ये खेळावर बोलायचं आणि कबड्डीचं नाव घ्यायचं नाही, तर तुम्ही मला मोरा बंदरावरूनच परत पाठवाल. कबड्डीत अंगाला अंग भिडणारच. पण चढाई करणाऱ्याचं तोंड दाबलं की पंचांची शिट्टी वाजते. म्हणजे जोर चालतो, पण त्याला मर्यादा आहे. ती मोडणाऱ्याला शिक्षा ठरवताना आपण नेमकं काय मोजतो? त्यासाठी फुटबॉलकडे जाऊ.

५ डिसेंबर २००४. बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना, गोव्याचा डेम्पो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने स्वतःचा दुसरा गोल केला आणि त्याच वेळी त्याची गोलरक्षक सुब्रता पालशी धडक झाली. तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. डेम्पो जिंकला, पण त्या विजयाचा आनंद कुणाला होणार? फुटबॉल महासंघाने गोलरक्षकाला काही काळ निलंबित केलं. तेव्हा तो मुलगा विशीचाही नव्हता.

आता मला सांगा, गोलसमोर अशा धडका किती होतात? बहुतेक वेळा दोघंही उठतात, माती झटकतात, खेळ पुढे चालू. मग वेगळं काय झालं? फक्त परिणाम.

आता उलट बाजू बघा. १९८२चा विश्वचषक, सेव्हिलमधला उपांत्य सामना. जर्मन गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्ताँवर जाऊन आदळला. तो बेशुद्ध पडला, दात गेले. पंचांनी साधा फाउलसुद्धा दिला नाही!

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ साली ज्या प्रश्नावर निबंध वाचले, तो हाच. त्याला आपण 'नैतिक नशीब' म्हणू. दोघं सारखाच निष्काळजीपणा करतात. एकाच्या वाट्याला दुसऱ्याचा मृत्यू येतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. दोषी कोण जास्त? मन म्हणतं, पहिला. बुद्धी म्हणते, दोघंही सारखेच.

फुटबॉलचा बारावा नियम इथे बुद्धीच्या बाजूने आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत. नुसती निष्काळजी धडक असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याच्या धोक्याची पर्वाच केली नाही, तर पिवळं कार्ड. अतिरेकी जोर लावून इजेचा धोका निर्माण केला, तर लाल. हाड मोडलं का, हे तिथे विचारलेलं नाही. 'मुद्दाम नाही केलं' एवढं म्हणून सुटकाही नाही. मला हे न्याय्य वाटतं. शिक्षा कृत्याची असावी, दुर्दैवाची नव्हे.

पण मग मेलेल्या माणसाचं काय? नेमकं इथेच आपण चुकतो. दोषी सापडला की समाधान होतं आणि उरलेली जबाबदारी विसरली जाते. २००४ला मैदानावरच्या तातडीच्या उपचारांवरही टीका झाली होती. २०२१मध्ये कोपनहेगनला ख्रिस्तियन एरिक्सन कुणाचा धक्का न लागता कोसळला. छातीवर दाब देणारे हात आणि हृदयाला झटका देणारं यंत्र तिथे तयार होतं. तो वाचला, नंतर पुन्हा खेळला.

नशीब कुणाच्या हातात नाही, तयारी आहे. म्हणून आपल्या गावात पुढची स्पर्धा भरवाल, तेव्हा ढाल आणि मंडप ठरवण्याआधी एवढंच विचारा: मैदानाशेजारी रुग्णवाहिका आहे का, आणि छातीवर दाब द्यायला शिकलेला एक तरी माणूस आहे का?