हातउसने पैसे, तीन वर्षे आणि एक चिठ्ठी

पाडव्याला साताऱ्या-सांगलीच्या पेठांत वहीपूजन होते. नव्या रोजमेळावर हळदकुंकू वाहिले जाते, जुन्या खतावणीतली येणी नव्या पानावर ओढली जातात. पण त्याच घरातून मेहुण्याला, मित्राला, शेजाऱ्याला दिलेले हातउसने पैसे कोणत्याही वहीत नसतात. ते मनात लिहिलेले असतात. ते परत आले नाहीत की देणाऱ्याला एक दिवस वकिलाकडे जावे लागते, आणि तिथे पहिले दोन प्रश्न विचारले जातात: लिहिलेले काय आहे? आणि पैसे देऊन किती दिवस झाले?

हे दोन प्रश्न रुक्ष वाटतात, पण त्यांच्यामागे आपल्याच भागाचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो आधी पाहिला तर आजचा कायदा असा का वागतो ते नीट कळते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी नसलेल्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाच्या भल्याचा होता. जुनी, शिळी येणी उकरून काढता येऊ नयेत, एवढाच. प्रत्यक्षात उलटे घडले. तीन वर्षे संपत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. कुळ अंगठा उठवी. तीन वर्षांनी पुन्हा तेच. मूळ कर्ज किती होते हे दोन-तीन रोख्यांनंतर कुळालाही सांगता येत नसे. दावा लागला की गरीब कुळ कोर्टात हजरच होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. न्यायाधीशापुढे कागद असे आणि कागद सावकाराचा असे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि दंगे पुणे-नगरच्या गावांत पसरले. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले की काम झाले, अशी त्यांची समजूत होती. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतील वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूखही होता. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

१८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला एक नवे कर्तव्य दिले: रोख्यावर आकडा काय आहे एवढ्यावर थांबू नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. मुद्दल किती दिले, फेड किती झाली, व्याज कसे चढले याचा हिशेब कोर्टाने मांडायचा. कुळाला समक्ष बोलावून विचारायचे. फेडीची लेखी पावती मागण्याचा हक्क कुळाला मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. या चार जिल्ह्यांतील कोर्टांचे काम त्यांनी फिरून तपासले.

म्हणजे आपल्या मुलखाने दोन धडे शिकवले. कागदाशिवाय न्याय मिळत नाही, आणि केवळ कागदानेही मिळू नये. आजचे कोर्ट हे दोन्ही धडे एकाच वेळी पाळते. फरक इतकाच की आज पैसे देणारा पुष्कळदा सावकार नसतो. तो निवृत्त शिक्षक असतो, नाहीतर फंडाचे पैसे हाती आलेला कामगार.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कराडच्या एका निवृत्त शिक्षकांनी विट्याच्या मावसभावाला चार लाख रुपये दिले. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसे सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. हा मावसभाऊही कोचीला दुकान टाकणार होता. दोन लाख बँकेतून गेले, दोन लाख रोख. लेखी काही नाही, परतीची तारीखही ठरली नाही. "दादा, दिवाळीला देतो," एवढेच बोलणे. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली.

आज लागू असलेला मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. हातउसन्या रकमेच्या दाव्याला त्यातही तीनच वर्षे आहेत. परतीची तारीख ठरलेली नसेल तर ही वर्षे पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात. आपण मागितल्या दिवसापासून किंवा त्याने नकार दिल्या दिवसापासून नव्हे. इथेच बहुतेक जण फसतात. फौजदारी तक्रारीला किंवा अपिलाला झालेला उशीर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला ती सोय नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो स्वतः पाहून दावा काढून टाकायचा असतो. सवलत एवढीच की शेवटचा दिवस दिवाळीच्या सुटीत आला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो.

घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचे मार्ग आहेत. तीन वर्षे संपण्यापूर्वी घेणाऱ्याने 'एवढे देणे आहे' असे लिहून सही दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. काही रक्कम फेडली आणि त्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीने असली, तरी तसेच. मुदत उलटून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाही. तेव्हा 'मी हे पैसे देईन' असे सहीचे लेखी वचनच लागते. जुना सावकार तीन वर्षांनी रोखा बदलून घेई तो याच कारणाने. त्याचा लोभ वाईट होता, पण घड्याळ त्याला समजले होते.

आता पुरावा. वचनचिठ्ठी असेल तर तिच्यावर योग्य तिकीट हवे. बिनतिकिटाची वचनचिठ्ठी मागाहून दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही. चिठ्ठी किंवा चेक हाती असेल तर दिवाणी संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. आपल्या शिक्षकांकडे असा कागद नाही. त्यांना साधा दावा लावावा लागेल आणि बँकेचा उतारा, मोबाइलवरचे निरोप, साक्षीदार यांवर उभे राहावे लागेल. मोबाइलवरचे निरोप पुराव्यात चालतात, पण त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. मावसभाऊ कोचीत असला तरी पैसे कराडात दिले गेले, म्हणून दावा कराडच्या कोर्टात लावता येतो.

त्याने चेक दिला असेल आणि तो वटला नसेल, तर दुसरा रस्ता परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा. ही तरतूद १९८९ पासून लागू आहे. तिचे घड्याळ आणखी लहान आहे. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. तो परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढील एक महिन्यात तक्रार करायची. २०१५ च्या दुरुस्तीने, चेक खात्यात भरला असेल तर आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ही तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ पासून खटला चालू असताना रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा हुकूमही कोर्ट करू शकते.

चेक असला की कायदा देण्याचे अस्तित्व गृहीत धरतो, पण हे गृहीत खोडून काढता येते. इथे १८७९ चा दुसरा धडा दिसतो. कर्नाटकातील एका खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. एवढे पैसे द्यायची तक्रारदाराची ऐपत होती का, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते. उलट गोव्यातील एका मित्राच्या उसनवारीच्या खटल्यात, २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आरोपीला दोषी धरले. मित्राला बँकेचे कर्ज मिळावे म्हणून कोरा चेक दिला होता, हा बचाव न्यायालयाला पटला नाही. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेण्यास आयकर कायद्याची बंदी आहे. तिचा भंग झाला तर दंड होईल, पण तेवढ्याने देणे बुडत नाही, असेही त्या निकालात स्पष्ट झाले. तात्पर्य, आपल्या हाती पैसे कुठून आले हे देणाऱ्यालाही दाखवता आले पाहिजे.

आणखी एक प्रश्न उलट तपासणीत येतो: तुम्ही सावकारी करता का? महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट त्याच्यावरच गुन्हा होतो. नात्यात एकदा दिलेली उसनवार म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे. पण पाच जणांना महिना शेकडा तीन टक्क्यांनी पैसे फिरवणाऱ्याने कोर्टाची पायरी विचार करून चढावी.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. मग दरखास्त द्यावी लागते. तिला बारा वर्षांची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगितले, तरी प्रत्यक्षात वाट लांब असते. शेतकऱ्याची अवजारे, नांगराची जनावरे आणि राहते घर, भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ऐपत असून जो देत नाही, त्यालाच दिवाणी कैद होऊ शकते. निव्वळ गरिबीपायी तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ठरवले. कर्जदार वारला तर वारस त्याच्या मालमत्तेपुरतेच बांधील असतात. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य मानून त्याच्याविरुद्ध वसुली लावण्याचा जुना नियम, पुढच्या कर्जांपुरता, २००५ च्या दुरुस्तीने संपला.

म्हणून तडजोडीला किंमत आहे. लोकअदालतीत मिटले तर निवाडा हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, कोर्ट फी परत मिळते आणि अपील राहत नाही. हप्ते बांधून घेतलेले साडेतीन लाख हे दहा वर्षांनी कागदावर जिंकलेल्या चार लाखांपेक्षा पुष्कळदा अधिक असतात. शिवाय मावसभावाच्या घरचे लग्नाचे बोलावणे बंद होत नाही.

नात्यात लिहून मागणे आपल्याला अविश्वासाचे वाटते. साताऱ्याच्या कुळाने न वाचता अंगठे उठवले, म्हणून त्याच्या नातवंडांना कागदाची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या कुळाचे नुकसान लिहिण्याने झाले नाही. लिहिलेले एकट्या सावकाराला वाचता येत होते, म्हणून झाले. दोघांनी मिळून लिहिलेली, दोघांनी वाचलेली, दोघांकडे प्रत असलेली चिठ्ठी ही वेगळी गोष्ट आहे. तीत पाचच गोष्टी हव्यात: किती, कधी, कसे दिले, कधी परत, आणि सही. वहीपूजनाच्या दिवशी दुकानाच्या वहीशेजारी ही चिठ्ठीही ठेवावी आणि तिच्यावरची तारीख दर पाडव्याला एकदा वाचावी. तीन पाडवे म्हणता म्हणता निघून जातात.