चावणे सोपे, सोडणे अवघड!

अल्सेशियन कुत्रा भरधाव येतो आणि माणसाच्या हाताला लोंबकळतो, हे दृश्य पाहून कोणाच्याही अंगावर काटा येईल. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत सुरू झालेल्या आणि २०१९ पासून ‘आयजीपी’ या नावाने होणाऱ्या रक्षक-कुत्र्यांच्या परीक्षेत खरी कसोटी चावण्याची नव्हे, सोडण्याची असते.

परीक्षेचे विषय तीन: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकास गुण १००. उत्तीर्ण होण्यास ७० हवेत. त्याआधी रहदारीत, अनोळखी माणसांत कुत्रा शांत राहतो की नाही, हेही पाहिले जाते. ‘आउस’, म्हणजे ‘सोड’, ही आज्ञा तीनदा देऊनही बाही न सोडणारा कुत्रा बाद! मग तो कितीही शूर असो.

धोका केवळ माणसालाच असतो, असे मात्र समजू नका. जाड बाही घातलेला मदतनीस खांबासारखा ताठ उभा राहिला, तर सारा धक्का कुत्र्याच्या मानेला आणि कण्याला बसतो. म्हणून जाणता मदतनीस अंग वळवून, कुत्र्याच्या वेगाबरोबर फिरत तो धक्का जिरवतो. सरावासाठी असा मदतनीस निवडणे, उन्हात दमलेल्या वा लंगडणाऱ्या कुत्र्याला मैदानाबाहेर नेणे, हे काम मालकाचे. कुत्रा बिचारा ‘मान दुखते’ म्हणत नाही; आज्ञा झाली की धावतो.

घर राखण्यासाठी कुत्रा पाळणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे: ज्याला सोडायला शिकवले नाही, त्याला धरायला शिकवू नये. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावली, म्हणजे मालकाची जबाबदारी संपत नाही.